जोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला कोणते अधिकार : कारखान्यातील युजर, रोल आणि सिंक यांची व्यवस्था

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एखादी मध्यम फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) घेतली, तर तिच्याकडे आज पाच-सहा सॉफ्टवेअर सहज चालू असतात. हिशेबाला टॅली, खरेदी-स्टोअर-उत्पादनाला ईआरपी, हजेरीच्या मशीनला जोडलेले पगाराचे सॉफ्टवेअर, कंपनीची ईमेल व्यवस्था, चौकशा आणि कोटेशन सांभाळणारे सीआरएम, शिवाय ई-वे बिलाचे सरकारी पोर्टल. ही सगळी एकाच दिवशी आलेली नसतात. गरज पडेल तशी ती येतात, प्रत्येकाचा पुरवठादार वेगळा असतो आणि प्रत्येकात युजरची स्वतंत्र यादी असते. सॉफ्टवेअर एकमेकांना जोडण्याचे काम निघते तेव्हा चर्चा ऑर्डर, बिल आणि स्टॉक यांच्या आकड्यांभोवती फिरते आणि माणसांच्या याद्या जोडायच्या राहून जातात. मग नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे नाव ईआरपीतून निघते पण सीआरएममध्ये चालू राहते, किंवा स्टोअरमधून खरेदी विभागात गेलेल्या माणसाकडे दोन्ही विभागांचे अधिकार साठत जातात. ही व्यवस्था नीट लावायची असेल तर सुरुवात तांत्रिक जोडणीपासून करू नये. कोणती यादी मूळ आणि कोणत्या याद्या तिच्या मागे चालणार, हे आधी ठरवावे.

पहिले काम : आहे ते कागदावर आणणे

एका शीटमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, त्यातील चालू युजर, ॲडमिनचे अधिकार असलेली माणसे, नवीन युजर कोण तयार करतो आणि युजरची यादी बाहेर काढता येते का, एवढे लिहून घ्यावे. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये युजर त्या त्या कंपनीच्या डेटामध्ये तयार होतात, त्यामुळे उद्यमनगरातील जुन्या युनिटची आणि कागलच्या नव्या कंपनीची यादी वेगवेगळी काढावी लागते; एक पाहिली की दुसरी तशीच असेल असे धरून चालू नये.

सरकारी पोर्टल आणि बँकेचे कॉर्पोरेट नेट बँकिंग या यादीतून हमखास सुटतात, कारण ते कारखान्याचे सॉफ्टवेअर आहे असे कोणाला वाटत नाही. ई-वे बिल पोर्टलवर मुख्य खात्याखाली सब-युजर तयार करता येतात आणि प्रत्येकाला कोणते काम करता येईल हे ठरवता येते. १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर सर्वच करदात्यांना दुहेरी पडताळणी लागू झाली असून सब-युजरचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदलेल्या मोबाइलवर जातो. डिस्पॅचच्या खिडकीवर बसणारा माणूस बदलला आणि सब-युजर तोच ठेवला, तर ओटीपी जुन्या माणसाच्या खिशात जात राहतो आणि गाडी गेटवर थांबते. असे पोर्टल आपल्या सिंकमध्ये, म्हणजे एका यादीतील बदल इतर याद्यांत पोहोचवण्याच्या व्यवस्थेत, बसत नाही, तेथे हातानेच काम करावे लागते. म्हणूनच त्याची नोंद शीटमध्ये ठळकपणे असावी.

मूळ यादी कोणती

माझ्या मते मूळ यादी पगाराच्या सॉफ्टवेअरमधील मस्टरच असावी. माणूस रुजू झाला, विभाग बदलला किंवा सोडून गेला, तर ही गोष्ट सर्वांत आधी आणि सर्वांत खात्रीने तेथे नोंदली जाते, कारण तिच्यावर पगार अवलंबून असतो. ईमेलची यादी मूळ धरण्याचा मोह होतो, पण मोल्डिंग (साचे करणे) किंवा फेटलिंग (ओतीव भाग साफ करणे) शॉपमधील सुपरवायझरला अनेक ठिकाणी कंपनीचा ईमेल नसतो, ईआरपीचे लॉगिन मात्र असते.

मूळ यादी ठरली तरी प्रत्येक रकाना तिच्याकडूनच यावा असे नाही. कर्मचारी क्रमांक, नाव, विभाग, पद, युनिट, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख हे रकाने पगाराच्या सॉफ्टवेअरचे. ईमेलचा पत्ता ईमेल व्यवस्थेचा. रोल, म्हणजे एखाद्या कामासाठी ठरवलेला अधिकारांचा संच, हा पद आणि विभाग यांवरून एका ठरलेल्या तक्त्यानुसार निघणारा. प्रत्येक रकान्याचा मालक एकच असावा आणि माहिती त्याच्याकडून इतरांकडे एकाच दिशेने जावी. दोन्ही दिशांनी चालणारा सिंक ऐकायला सोयीचा वाटतो, पण एकीकडे दुरुस्त केलेला विभाग दुसरीकडची जुनी नोंद पुन्हा पुसून टाकते आणि चूक कोठून आली हे शोधण्यात दिवस जातात. ईआरपीमध्ये कोणी हाताने विभाग बदलू लागला, तर तो रकाना तेथे केवळ वाचण्यापुरता ठेवावा आणि बदल पगार विभागाकडूनच करून घ्यावा.

ओळख पटवायची कशावरून

येथे कोल्हापूरच्या कारखान्यांना विशेष काळजी घ्यावी लागते. नावावरून जुळणी करायची ठरवली, तर मस्टरमध्ये पाटील, चौगुले, माने आणि शिंदे यांच्या रांगा असतात; एस. बी. पाटील नावाची दोन-तीन माणसे एका कारखान्यात असणे मुळीच दुर्मीळ नाही. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे पडते ते वेगळेच. ईमेलवरून जुळणी केली, तर लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिला कर्मचाऱ्याचा पत्ता बदलतो आणि सिंक तिला नवी व्यक्ती समजून दुसरे खाते उघडतो. जुने खाते तिच्या मंजुऱ्यांसह तसेच पडून राहते. मोबाइल क्रमांक तर बदलतातच, शिवाय बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळतो.

म्हणून जुळणी कर्मचारी क्रमांकावरूनच करावी, आणि एकदा दिलेला क्रमांक माणूस सोडून गेल्यावरही दुसऱ्याला देऊ नये. हा क्रमांक सर्व सॉफ्टवेअरमध्ये आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवावा. नाहीतर एक्सेलमधून जाताना ००४७ चे ४७ होते आणि जुळणी तुटते. दोन युनिटची मस्टर वेगळी असतील तर क्रमांकाच्या आधी युनिटचे अक्षर जोडावे, कारण ४७ हा क्रमांक दोन्हीकडे असणारच.

जुन्या खात्यांची पहिली जुळणी मात्र यंत्रावर सोपवू नये. प्रत्येक सॉफ्टवेअरची यादी मस्टरशेजारी ठेवून, विभागप्रमुखाला बरोबर बसवून, एकेका खात्यासमोर कर्मचारी क्रमांक लिहावा. या बैठकीत कोणाच्याच नावावर न बसणारी खाती निघतात: ‘स्टोअर१’, ‘टेस्ट’, पुरवठादाराच्या इंजिनिअरसाठी कधीतरी उघडलेले खाते. प्रत्येकाला जबाबदार माणूस मिळाला तर ठेवावे, न मिळाल्यास बंद करावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची सगळी व्यवस्था याच बैठकीच्या काटेकोरपणावर उभी राहते.

रोल माणसाला नव्हे, कामाला

अधिकार थेट माणसाला न देता रोलला द्यायचे आणि माणसाला रोल द्यायचा, ही पद्धत आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये तिची औपचारिक मांडणी केली आणि २००४ मध्ये तिचे अमेरिकी मानक झाले. तत्त्व सोपे असले तरी प्रत्यक्षात रोलची नावे माणसांवरून पडत जातात. ‘कुलकर्णी साहेबांचा रोल’ असे नाव ईआरपीत दिसले, तर तेथे काम आणि माणूस यांची गल्लत झाली आहे असे समजावे.

रोल ठरवण्यासाठी मालाच्या वाटेने चालत जावे. पिग आयर्नची मागणी कोण नोंदवतो, खरेदीची ऑर्डर कोण तयार करतो, कोण मंजूर करतो, गेटवर आवक कोण नोंदवतो, क्वालिटी कोण पाहते, बिल कोण चढवतो आणि पैसे कोण सोडतो. या प्रत्येक टप्प्याला एक रोल पुरतो. जॉबवर्कला बाहेरच्या मशीन शॉपमध्ये जाणाऱ्या कास्टिंगची हीच साखळी माल पाठवण्याच्या चलनाच्या (चलानाच्या) अंगाने पुन्हा तपासावी. रोलची संख्या जितकी कमी तितके पुढे सांभाळणे सोपे. ज्या रोलमध्ये एकच माणूस आहे तो खरोखर वेगळा हवा का, हे विचारून पाहावे. युनिटसाठी वेगळे रोल करू नयेत. ‘स्टोअरकीपर’ हा रोल एकच ठेवून तो कोणत्या युनिटपुरता चालेल ही मर्यादा वेगळी लावावी.

यानंतर येतो तो या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग. एका सॉफ्टवेअरच्या आत परस्परविरोधी अधिकार एका माणसाकडे जाऊ नयेत याची काळजी ते सॉफ्टवेअर काही प्रमाणात घेऊ शकते, पण दोन सॉफ्टवेअरच्या मधली फट कोणालाच दिसत नाही. समजा, अकाउंट्स विभागातील एका माणसाला ईआरपीमध्ये व्हेंडर मास्टर बदलता येते, म्हणजे पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलता येतो. ईआरपीच्या दृष्टीने यात आक्षेपार्ह काही नाही. त्याच माणसाला नेट बँकिंगमध्ये पेमेंट मंजूर करता येते; बँकेच्या दृष्टीनेही यात काही वावगे नाही. दोन्ही अधिकार एकत्र आले, की तो खाते क्रमांक बदलून स्वतःच पैसे सोडू शकतो, आणि सॉफ्टवेअर जोडलेले असल्याने बदललेला क्रमांक आपोआप पुढे जातो. म्हणून रोलचा तक्ता सॉफ्टवेअरनिहाय न करता माणूस आणि काम यांच्यावरून करावा: उभ्या रकान्यांत सर्व सॉफ्टवेअरमधील नाजूक अधिकार, आडव्या ओळींत पदे. नवा पुरवठादार उघडणे, बँक तपशील बदलणे, ऑर्डर मंजूर करणे, आवक नोंदवणे, पेमेंट सोडणे, मागील तारखेची नोंद बदलणे, युजर तयार करणे, एवढे अधिकार जरी या तक्त्यात घेतले तरी धोक्याच्या जोड्या डोळ्यांसमोर येतात. मनुष्यबळ कमी असल्यामुळे एखादी जोडी तोडता येत नसेल, तर तिच्यावर मालकाची किंवा दुसऱ्या विभागप्रमुखाची दुसरी मंजुरी लावावी.

घरच्या माणसांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. कौटुंबिक उद्योगांत मालक, भाऊ आणि मुलगा अशा सर्वांना सर्वत्र ॲडमिन करून ठेवण्याची पद्धत आहे. यात अविश्वासाचा प्रश्न नसून धोक्याचा आहे: ज्या खात्यातून रोज ईमेल उघडली जाते त्याच खात्याला सर्व अधिकार असतील, तर त्या खात्याचा पासवर्ड चोरीला जाणे म्हणजे संपूर्ण कारखाना उघडा पडणे. रोजच्या कामाचे खाते आणि ॲडमिनचे खाते वेगळे ठेवावे, ॲडमिन किमान दोन माणसे असावीत, आणि सिंक बंद पडले तरी आत जाता यावे म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आपत्कालीन खाते ठेवून त्याचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवावा.

लॉगिन जोडणे आणि खाते जोडणे

विक्रेता ‘सिंगल साइन-ऑन आहे’ असे सांगतो तेव्हा त्याने अर्धेच काम सांगितलेले असते. एकाच लॉगिनने अनेक सॉफ्टवेअरमध्ये जाण्याची सोय एसएएमएल २.० किंवा ओपनआयडी कनेक्ट या मानकांवर चालते. पहिले २००५ चे, दुसरे २०१४ चे. त्यांतून दरवाजावर ओळख पटते. पण आत खाते तयार करणे, त्याचा विभाग बदलणे आणि ते बंद करणे यासाठी एससीआयएम २.० हे वेगळे मानक आहे, जे सप्टेंबर २०१५ मध्ये आरएफसी ७६४३ आणि ७६४४ म्हणून प्रसिद्ध झाले. फक्त पहिली जोडणी केली, तर माणूस गेल्यावर त्याचा दरवाजा बंद होतो, पण सीआरएममधील त्याचे खाते चालू राहते, मोबाइल ॲपमध्ये आधीच उघडलेले सत्र काही काळ चालत राहू शकते आणि त्याने तयार केलेली एपीआय की (एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात प्रवेश देणारी सांकेतिक किल्ली) तर तशीच काम करत राहते. खरेदीपूर्वी दोन्ही सोयी कोणत्या प्लॅनमध्ये मिळतात हे लेखी विचारावे, कारण अनेक क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये त्या वरच्या, महागड्या प्लॅनमध्येच असतात.

एससीआयएममध्ये आपला कर्मचारी क्रमांक ‘एक्स्टर्नल आयडी’ या रकान्यात ठेवावा आणि माणूस गेल्यावर खाते पुसण्याऐवजी ‘ॲक्टिव्ह’ हा रकाना बंद करावा. युजर आणि लॉगिन सांभाळणारी मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा ही सेवा वापरत असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तिचा सिंक तत्काळ होत नाही, साधारण ४० मिनिटांच्या फेऱ्यांनी होतो. आणि गटाच्या आत दुसरा गट ठेवला असेल, तर आतल्या गटातील माणसे पुढे पाठवली जात नाहीत. ‘सर्व कर्मचारी’ या गटात विभागांचे गट टाकून पाहणाऱ्याला निम्मी माणसे का आली नाहीत हे कळत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

जुन्या ईआरपीला किंवा टॅलीला अशी सोय नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री एक फाइल काढून ती ईआरपीत चढवणे, किंवा तेही शक्य नसल्यास बदलांची यादी एका जबाबदार माणसाकडे जाऊन त्याने त्याच दिवशी हाताने बदल करणे, हाही सिंकच आहे. फक्त तो नियमित आणि तपासता येण्याजोगा असावा.

सिंक स्वतः ज्या खात्याने चालतो, ते खाते कोणाचे आहे हेही पाहावे. जोडणी करणारा इंजिनिअर घाईत स्वतःच्या किंवा मालकाच्या लॉगिनने ती चालू करतो. पुढे तो माणूस गेला किंवा त्याने पासवर्ड बदलला, की सगळी देवाणघेवाण थांबते. सिंकसाठी स्वतंत्र सेवा खाते करावे, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत, त्याची की ठरावीक मुदतीने बदलावी आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

चालू करण्यापूर्वी

आधी एका विभागातील मोजक्या माणसांवर चाचणी घ्यावी आणि सिंकने काय बदल केले असते याची यादी प्रत्यक्ष बदल न करता पाहावी. एका धोक्यासाठी तर अडसर आधीच लावावा: पगाराच्या सॉफ्टवेअरमधून काही कारणाने रिकामी किंवा अर्धी फाइल आली, तर सिंकला सारी माणसे सोडून गेली असे वाटेल आणि तो सर्वांची खाती बंद करील. एका फेरीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त खाती बंद होणार असतील तर सिंकने थांबून विचारावे, अशी मर्यादा घालता येते. चालू करण्याचा दिवस निवडताना जीएसटीची विवरणपत्रे भरण्याच्या तारखा, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी ची २० तारीख, तसेच पगाराचा आठवडा टाळावा.

येणारा, बदलणारा आणि जाणारा

नवा माणूस आला तर त्याला लॉगिन हवेच असते, त्यामुळे ते काम अडून राहत नाही. विभाग बदलणाऱ्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही: त्याला नवा रोल मिळतो आणि जुना काढला जात नाही. नियम असा असावा की विभाग बदलताच जुना रोल आपोआप जाईल, आणि कामाच्या हस्तांतरासाठी तो काही दिवस हवा असेल तर शेवटची तारीख घालूनच मिळेल.

जाणाऱ्याचे काम शेवटच्या दिवशी, तो गेट ओलांडण्याच्या सुमारास व्हावे. महिनाअखेरीस पगाराचा हिशेब होईपर्यंत थांबू नये. आधी खाते बंद, मग चालू सत्रे आणि एपीआय की रद्द, मग त्याच्या नावावरील फाइली, मंजुऱ्या आणि ग्राहक दुसऱ्याकडे सोपवणे, आणि शेवटी ई-वे बिलाचा सब-युजर व नेट बँकिंग. खाते पुसण्याची घाई करू नये. गूगल वर्कस्पेसमध्ये पुसलेला युजर २० दिवसांपर्यंत आणि एन्ट्रामध्ये ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो, त्यानंतर नाही. शिवाय कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. ती नोंद कोणाच्या नावावर आहे हे पुढेही ओळखता आले पाहिजे. तीन माणसे ‘ॲडमिन’ या एकाच लॉगिनने काम करत असतील तर ऑडिटरला दाखवलेल्या त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

जिल्ह्यातील साखर कारखान्यांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावर, केनयार्डात (उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या आवारात) आणि शेती खात्यात हंगामी माणसे कामावर येतात आणि हंगाम संपताच जातात. पुढच्या वर्षी त्यांतील बरीच परत येतात. त्यांची खाती दरवर्षी नवी उघडू नयेत. हंगामाची अंदाजित शेवटची तारीख घालून तीच खाती चालू करावीत, पण चालू करताना मागच्या वर्षीचे रोल आपोआप परत देऊ नयेत. मागच्या हंगामात काट्यावर असलेला माणूस या वेळी ऊस बिलाच्या कामावर बसला, तर वजन नोंदवणे आणि बिल तयार करणे हे दोन्ही अधिकार एका हातात येतात. ऊस कारखान्याला मिळाल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे देण्याचे बंधन असल्याने तेथे घाई नेहमीचीच असते, आणि अधिकार तपासायचे राहून जातात ते घाईतच. कंत्राटी कामगारांच्या खात्यांनाही कंत्राटाच्या मुदतीची तारीख लावावी.

शॉप फ्लोअरवरील सामाईक संगणकावर तीनही पाळ्यांना एकच लॉगिन ठेवू नये. संगणक सामाईक असू द्यावा, नोंद करताना मात्र प्रत्येकाने आपला कर्मचारी क्रमांक आणि पिन टाकावा, आणि काही मिनिटे हालचाल नसेल तर पडदा आपोआप कुलूपबंद व्हावा.

नंतरची देखरेख

दर तिमाहीस प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या माणसांची आणि त्यांच्या रोलची यादी पाठवून सही घ्यावी. यादी छोटी आणि समजेल अशा शब्दांत असावी. पन्नास पानांचा तांत्रिक अहवाल कोणी वाचत नाही आणि सही तशीच होते. मस्टर आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची यादी यांतील फरक महिन्यातून एकदा तपासावा, विशेषतः ज्यांचा सिंक हाताने होतो त्यांचा. सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (कोणी केव्हा काय केले याच्या संगणकीय नोंदी) १८० दिवस भारतातच जपून ठेवावे लागतात आणि निर्देशांत दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. क्लाउड सॉफ्टवेअर आपले लॉग किती दिवस ठेवते हे म्हणून आधीच पाहून, कमी असल्यास ते बाहेर काढून ठेवण्याची व्यवस्था करावी.

सिंक फसला की त्याची सूचना ईमेलने येते. ती बहुधा जोडणी केलेल्या त्या जुन्या इंजिनिअरच्या पत्त्यावर जात असते. हा पत्ता पदाच्या नावाचा असावा, त्यावर दोन माणसे असावीत, आणि सूचना आल्यापासून दुसऱ्या दिवसाच्या कामकाजापूर्वी तिचा निकाल लावण्याची जबाबदारी त्यांपैकी एकाच्या नावावर लिहून ठेवलेली असावी.